तुऱ्याचा निवडुंग

आपल्याकडची वस्तू दुर्मिळ निघावी असं कुणाला वाटत नाही? हर्षा मात्र साखळी गावच्या बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत देवाला एकच विनवत चालली होती, हा निवडुंग कवडीमोलाचा निघू दे रे बाबा! पिशवीतून काटे पायाला टोचत होते, तरी पिशवीचा हात बदलायचं तिला सुचलं नाही.

कुंडी दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, गोकुळदासनं आणली. तो टेम्पोनं हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकना, म्हणजे झापांच्या हॉटेलांना, पाण्याच्या बाटल्या पोचवतो.

"खंय गावलो?" तिनं विचारलं होतं.

"पेडण्याच्या सड्यार. थंय ह्याचां रान माजलां."

सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उजाड माळ, तिथं काय वाटेल ते उगवत असेल, असं म्हणून तिनं विश्वास ठेवला. नवऱ्याच्या शब्दावर नाही ठेवायचा तर कुणाच्या?

मग गेल्या रविवारी ती एका बारशाला हरमलला गेली. वाटेत एका घराच्या सोप्यावर अस्साच निवडुंग, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वळलेला, पण चांगला हातभर रुंद. आणि अंगणातल्या दोरीवर गोकुळदासचा असतो तसाच निळ्या चौकटीचा शर्ट वाळत होता. असले शर्ट म्हापशाच्या बाजारात ढिगानं मिळतात, हे तिनं स्वतःला बजावलं. निवडुंगही ढिगानं मिळत असेल तर प्रश्नच मिटला. पण मन चिंती ते वैरी न चिंती! तीन दिवस तिला ना अन्न गोड लागलं, ना डोळ्याला डोळा लागला.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या दिपाली मॅडमनी कुंडी खिडकीशी नेऊन भिंग लावलं. हर्षा खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

"मॅडम, हो निवडुंग आमच्या सड्यार रुजता, न्हय?"

"छे हो! ही जात इथली नाहीच. आणि हा तुरा एखाद्याच झाडाला येतो, वाढ बिघडली की. बी पेरून असा मिळत नाही. हुबेहूब दुसरा दिसलाच, तर तो याचा तुकडा, नाहीतर हा त्याचा." मॅडमनी बोटानं माती उकरली. "हा बघा सुरीचा वण. हाच तुकडा आहे. मूळ झाड दुसरीकडं असणार. नशीबवान आहात, ताई!"

हर्षा उठून खिडकीशी आली.

"साधोच आसा म्हणून लिवन दियात ना, मॅडम."

मॅडमना ती थट्टा वाटली. हसत त्यांनी दुर्मिळ झाडांच्या नोंदीचा कागद ओढला. "ठिकाण साखळी. कुणाच्या नावानं लिहू?"

"गोकुळदास गांवस."

"असा आणखी कुठं पाहिलात?"

नाही म्हणता आलं असतं. घरी जाऊन भात टाकला असता आणि संसार होता तसा पुढं रेटला असता. पण त्या खोट्यात आता एक दिवसही राहणं हर्षाला नको झालं होतं.

"हरमलाक," ती म्हणाली.

मॅडमचे डोळे चमकले. "वा! तो कुणाच्या नावानं लिहू?"

"थंयही तेंच नाव घालात," हर्षा म्हणाली.