दोन झाकणं स्पिरिट

बावीस वर्षांनी तळ्यातला गाळ उपसला आणि मास्तरांची झोप उडाली. तळ्याच्या राखणदाराने ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक बोचकं त्यांच्या दारात आणून ठेवलं. "तुमचंच असणार," तो म्हणाला. "जुनी माणसं सांगतात, तुम्ही आणि तुमचे दाजी इथे आगबोटी सोडायचात."

आत तांब्याचा छोटा बॉयलर होता आणि त्याला चिकटलेलं, गंजून गच्च झालेलं इंजीन. लाकडाचा मागमूस नव्हता. लाकूड मास्तरांचं होतं, तांबं दाजींचं. म्हणजे आपलं कुजलं आणि त्यांचं टिकलं, हे मास्तरांना तिथेच कळलं, आणि बरं वाटलं नाही.

मास्तर शाळेत सुतारकाम शिकवायचे. दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या ताईचे यजमान. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात डागकाम करायचे, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग देऊन फुटके सांधे जोडायचे. आठवडाभर दुसऱ्यांची भोकं बुजवायची आणि रविवारी स्वतःची हौस भागवायची, असा त्यांचा नेम होता. दीड हात लांबीची होडी. तिचं अंग मास्तरांनी पातळ पट्ट्या वाकवून बांधलेलं, पोटात दाजींचा बॉयलर. त्याखाली स्पिरिटचा दिवा. पाणी तापलं की इंजीन आधी दोन-चारदा शिंकायचं, मग टुकटुक करत चालू लागायचं. गरम तेल, स्पिरिट आणि ओलं लाकूड यांचा एकत्र वास यायचा. मास्तरांना आजही कुठे गरम तेलाचा वास आला की रविवार असल्यासारखं वाटतं.

तळ्यावर आणखी दोघं-तिघं यायची. एक दाताचे डॉक्टर होते. त्यांची होडी नेहमी गोल गोल फिरायची, आणि त्यांना तेच आवडायचं. एक टायपिस्टबाई होत्या; त्यांची होडी दर रविवारी पलीकडच्या काठाला लागायची. सुकाणू बांधून होडी सोडून द्यायची, मग ती जाईल तिकडे आपण काठाकाठाने धावायचं, असा तो खेळ. मास्तर-दाजींची होडी पलीकडे कधी पोहोचली नाही. काठ वीस हातांवर आला की आग विझायची. हत्ती गेला, शेपूट राहिलं, तसं. टायपिस्टबाई फार गोड आवाजात विचारायच्या, "आज तरी?" आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दाजींना काही वाटायचं नाही. त्यांचा नियम एकच होता: पाण्याआधी आग मेली पाहिजे. पाणी संपलं आणि खाली दिवा जळत राहिला, तर कोरडा बॉयलर हातचा गेला. म्हणून पाणी मापून, आणि स्पिरिट खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाने चार झाकणं. पाचवं नाही. "पुढच्या वर्षी मोठा बॉयलर करू," ते म्हणायचे. "तळं काय पळून जातंय?"

तळं नव्हतं पळून जात, पण मास्तरांचा धीर पळाला. एका रविवारी दाजी चष्मा पुसायला वळले आणि मास्तरांनी दिव्यात आणखी दोन झाकणं ओतली.

होडी निघाली. वीस हातांची नेहमीची जागा ओलांडून पुढे गेली. ताई काठावर टाळ्या वाजवत होती, दाजी लहान मुलासारखे धावत होते. तीन हात उरले असतील. तेवढ्यात भसकन आवाज झाला, पांढरी वाफ, मग पिवळी ज्योत, मग काळा धूर. होडी मागून बसली आणि बघता बघता तळाशी गेली.

मास्तर तोंड उघडणार, इतक्यात दाजी म्हणाले, "डाग सुटला. माझाच डाग सुटला."

ते क्षणभर आधी बोलले, एवढंच झालं. मग मास्तरांना वाटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. दाजींनी बॉयलरची हत्यारं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आणि पुन्हा खाली काढली नाहीत. कारखान्यात एकेक डाग तीनतीनदा तपासू लागले. लोक त्यांना हसायचे. रविवारी मास्तर जेवायला जायचे, तेव्हा तळ्याचं नाव कोणी काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मास्तरांनी ती मूठ झाकून झाकून हाताला पेटके आणले होते.

आता बॉयलर घासूनपुसून त्यांच्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. चांदीच्या डागाने जोडलेला एकही सांधा हलला नव्हता. फक्त पाण्याची पातळी दाखवणारी काच जिथे बसायची, तिथली कडी सुटली होती. काच बदलायला सोपं जावं म्हणून तेवढी एकच जागा लवकर वितळणाऱ्या कथलाने जोडलेली होती. खालचं तांबं जळून निळंकाळं पडलं होतं. जाणता माणूस एका नजरेत ओळखेल, बॉयलर कोरडा पडला होता.

पण दाजींची नजरच तीन वर्षांपूर्वी गेली होती. मास्तरांनी मनाशी हिशेब केला. बॉयलर त्यांच्या हातात द्यायचा, डाग शाबूत आहेत म्हणून सांगायचं. ते खूश होतील, आणि बाकीचं सांगायची गरजच नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. "ये बाळ," ताई म्हणाली. मास्तर त्रेसष्ट वर्षांचे होते, पण तिच्याकडे त्यांची बढती कधी झाली नव्हती. तिने चहा टाकला.

दाजींनी बॉयलर मांडीवर घेतला आणि काही न विचारता ओळखला. अंगठा सांध्यावरून फिरवला. एकदा, दोनदा.

"शाबूत आहे रे."

"सगळे शाबूत आहेत, दाजी. एकही सुटला नाही."

अंगठा पुढे सरकला, काचेच्या जागेशी आला आणि थबकला. तिथे कथील ओघळून मण्यांसारखं गोठलं होतं. "हे सुटलेलं नाही," दाजी हळूच म्हणाले. "वितळलंय. म्हणजे कोरडा पडला." त्यांचा चेहरा पडला. "पाणी मीच घातलं होतं, मास्तर. माप चुकलं माझं. तुझी एवढी सुंदर होडी मी जाळली."

बावीस वर्षं एक ओझं वाहिलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण दुसरं चढवतोय, हे मास्तरांना दिसत होतं.

"पाणी बरोबर होतं," ते म्हणाले. "स्पिरिट मी घातलं. दोन झाकणं. तुम्ही चष्मा पुसत होतात."

ताई दोन कप घेऊन दारात उभी होती.

"त्याला चहा देऊ नकोस," दाजी म्हणाले.

तिने एकच कप ठेवला. मास्तर उठून गेले असते, पण जायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटत नव्हतं. दाजींचा अंगठा त्या जुन्या सांध्यावरून फिरत राहिला.

"कारखान्यात मला बघून हसायचे," ते अखेर म्हणाले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तू दर रविवारी इथे बसून जेवलास."

"हो."

दाजींनी मान वळवली. "अगं, ऐकलंस का? माझा डाग बरोबर होता." त्यांचा आवाज फुटला. "पाणीही बरोबर होतं. सगळं बरोबर होतं माझं."

"मी कधी नाही म्हटलं होतं?" ताई डोळे पुसत म्हणाली.

"तू डागकामातली नाहीस. तुझं म्हणणं कुठे धरायचं?" त्यांनी नाक पुसलं. मग अंदाजाने मास्तरांच्या दिशेला तोंड केलं. "किती हात उरले होते?"

"तीन."

"दोन झाकणांना सतरा हात." दाजींनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "म्हणजे मोठा बॉयलर केला असता तर पोहोचली असती."

"पोहोचली असती, दाजी."

"माळ्यावरचं फडकं काढ," ते म्हणाले. "आणि अगं, दे त्याला चहा. गार होईल."