पंपाची गार हवा

ॲसिडच्या खोलीत दुपारभर उभा राहून दाखव, मग आम्हाला शहाणपण शिकव, असं मला आमच्या कारखान्यात ज्याने त्याने ऐकवलं. जसा काही मी गारेगार केबिनमध्ये बसून हुकूम सोडतो! अहो, मी साधा पंपांचा फिटर. कारखान्यातले झाडून सगळे पंप माझ्या गळ्यात, आणि त्यातला सगळ्यात वात्रट नेमका त्या खोलीतला.

हा पंप विजेवर नाही, हवेवर चालतो. आत रबराचे दोन पडदे असतात. कॉम्प्रेसरची हवा त्यांना आळीपाळीने ढकलते आणि पडद्यापलीकडचं ॲसिड पुढच्या टाकीत जातं. काम झालेली हवा सायलेन्सरमधून फस्सकन बाहेर पडते, आणि ती इतकी थंड असते की भर उन्हाळ्यात सायलेन्सरवर पांढरा बर्फ धरतो. खोलीत पंखा नाही. मग माणसं काय करतात, तर सायलेन्सरसमोर स्टूल टाकून तोंडावर वारा घेत बसतात. त्यात पहिला मान आमच्या दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा. ती खोली त्यांच्याच ताब्यात. घामाने धुरकटतो म्हणून ॲसिडपासून डोळे वाचवायचा चष्मा कपाळावर, शर्टाची बटणं उघडी, आणि स्वारी निवांत.

मी त्यांना सांगून सांगून थकलो. दाजी, ॲसिड आणि तुमचं तोंड यांच्यामध्ये फक्त ते रबर आहे. पडदा फाटला की ॲसिड हवेच्याच वाटेने येणार, थेट तुमच्या डोळ्यांत. आणि पडदा काही आधी निरोप पाठवून फाटत नाही. दाजी हसायचे. तू जन्माचा घाबरट, म्हणायचे. जुने पडदे बदलायला हवेत म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो होतो, तर ते म्हणायचे, पंप चालतोय ना, मग चालू दे. पंख्याचं विचारलं तर बघू. साहेबांचं बघू म्हणजे नाही, हे आमच्याकडे गेटवरच्या वॉचमनलाही कळतं.

शेवटी माझं डोकं सटकलं. एका सुट्टीच्या दिवशी मी येऊन सायलेन्सर काढला, त्या जागी जाड रबरी होज पाइप लावला, भिंतीला भोक पाडून तो बाहेर नेला आणि एका रिकाम्या पिंपात सोडला. हवा गेली तरी पिंपात, ॲसिड आलं तरी पिंपात. खोलीतली माणसं सुटली.

दुसऱ्या दिवशी जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका. माझं नाव वाराचोर पडलं. कँटीनमध्ये मी बसलो की शेजारचा ताट उचलून दुसरीकडे जायचा. त्यातच एका दुपारी दाजींना उकाड्याने भोवळ आली आणि चौघांनी धरून त्यांना घरी पोचवलं. संध्याकाळी ताईचा फोन आला. तुझ्या छातीत काळीज आहे की नटबोल्ट, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर अबोला. आई गेल्यावर जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, ती बाजारात समोरून आली तरी रस्ता ओलांडून जायची. माझ्या जिवाला ते फार लागलं. रागवावं तरी कुणावर?

उन्हाळा संपत आला आणि पडदा फाटला. टाकीत बुडबुडे यायला लागले, पंप भलताच जोरात धडधडायला लागला, आणि मी धावत जाऊन हवेचा कॉक बंद केला. बाहेर जाऊन बघतो तर पिंपात ॲसिड, वर उग्र वाफ. खोलीत मात्र एक थेंब नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी दाजींना हाताला धरून पिंपापाशी नेलं. वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

दाजींनी आत वाकून पाहिलं. मग मागे जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे पडदा खराब आहे हे तुला माहीत होतं, आणि तरी तू पंप चालू ठेवलास?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांनीही मलाच बोलावून झापलं, की देखभाल कुणाची, माल वाया गेला तो कुणामुळे. तो माल कुणाच्या तोंडावर गेला असता, हे एकानेही विचारलं नाही.

तसाच उठून ताईकडे गेलो. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांना काही झालं का?" ती म्हणाली. "नाही ना? मग अख्खा उन्हाळा त्यांना का भाजून काढलंस?"

जे झालंच नाही ते माणसाला दाखवायचं तरी कसं? आलो परत.

मग साहेबांनी नवे पडदे आणले, तेही स्वस्तातले. एक हातात घेऊन वाकवला तर नव्या रबराला असावी तशी लवचीकता नाही. हे टिकायचे नाहीत, मी म्हणालो. नवं ते नवं, साहेब म्हणाले. उकाड्यापायी खोलीतल्या माणसांनी काम बंद करायची धमकी दिली होती, त्यावर साहेबांना फुकटातला उपाय सापडला होता. आता पडदे नवे, धोका नाही, तेव्हा तो होज काढून टाक, म्हणाले. मी सरळ सांगितलं, माझ्या हाताने काढणार नाही. तर दाजींनी माझ्याच पेटीतला पाना उचलला, होज काढला, सायलेन्सर बसवला आणि समोर स्टूल ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी साहेबांच्या वरच्या साहेबांकडेही जाऊन आलो. त्यांनीही बघू म्हटलं.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन. झालं गेलं विसरून जा, उद्या जेवायला ये, म्हणाली. आवाजात जुनी माया. मी गेलो. न जाऊन कुठे जाणार होतो?

ताईने आग्रह करकरून वाढलं. दाजी समोरच बसले होते, एकदम खुशीत. पंपाच्या वाऱ्याचं कौतुक सांगत होते, दुपारी तिथे डुलकीसुद्धा लागते म्हणत होते. हसले की त्यांचे डोळे बारीक होतात आणि कडेला सुरकुत्या पडतात. माझा घास हातातच राहिला.

"अरे, जेव ना," ताई म्हणाली. "त्यांच्याकडे काय टक लावून बघतोस?"

"काही नाही," मी म्हणालो. "वाढ."