म्हशाची वही, मुक्काम मुद्देमाल खोली

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. वय विचाराल तर अवघी तीन वर्षं. पण पोलीस ठाण्यातल्या फळीवर पडलेल्या वस्तूचं एक वर्ष चार वर्षांसारखं जातं, म्हणून मी स्वतःला जुनी म्हणवते.

जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापडाची पट्टी, दोनशे पानं. मुरबाडच्या बाजारातून मला म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेसाठी विकत आणलं. गुरांमध्ये लंपी रोगाची साथ येऊन गेली होती. त्यामुळे जत्रेत आलेलं प्रत्येक जनावर आधी तपासायचं, मगच दावणीला बांधू द्यायचं, असं ठरलं होतं. तपासणीच्या मांडवात टेबलावर मी, आणि समोर गुरांच्या दवाखान्यातले कोंडूभाऊ. ते रकाने आखत: जनावर, दात, खूण, आणणाऱ्याचं नाव, दिवस, वेळ, आणि शेवटी सही किंवा अंगठा.

माणसं कळायला मला एक सकाळ पुरली. बैल तरणा असला की मालक त्याच्या दातांवर बोलतो. म्हातारा असला की स्वभावावर.

"चार दाती हाय, लिवा," एकजण म्हणे.

कोंडूभाऊ बैलाचा ओठ वर करत. "अरे, ह्याचे आठी दात जुळून पाच वर्सं झाली. तुझ्या लग्नाला आलावता हा."

"मग सहा दाती लिवा. ना तुमचं, ना माजं."

मांडव हसे, आणि माझ्यात खरं तेच उतरे. मला त्याचा फार ताठा होता. वाटायचं, एकदा आपल्यात उतरलं की जग ते मानतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमाजी आला. शहापूर तालुक्यातला, आटगावच्या पलीकडच्या वाडीतला मजूर. स्वतःचं शेत नाही, बैल नाहीत. एका शेतकऱ्याची जोडी त्यानं दोन दिवस पायी हाकत आणली होती. मालक संध्याकाळी मोटारसायकलवर येणार होता. कोंडूभाऊंनी दात विचारले.

"बैल माजं नायत, भाऊ. मी कशाला खोटं बोलू? म्हातारं हायत."

दोन दिवसांत खरं बोलणारा हा पहिलाच. कोंडूभाऊंनी घड्याळ पाहून लिहिलं. पान एकेचाळीस, वेळ सकाळी दहा वीस, खाली यमाजीचा डावा अंगठा.

त्याच सकाळी दहाच्या सुमाराला, तिकडे आटगावजवळ, एका फार्महाउसच्या राखणदाराच्या डोक्यात काठी घालून कुणीतरी पाण्याचा पंप पळवला. शुद्धीवर आल्यावर राखणदारानं यमाजीचं नाव घेतलं. यमाजी आदल्या वर्षी तिथे गवत कापायला होता. घाबरलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा आधी आठवतो.

जत्रा उठायच्या आत फौजदार गोजर यमाजीला दोरी लावून म्हशाला घेऊन आले. खरं सांगते, त्या दिवशी साहेब मला आवडले. आरोपी म्हणतो ते खरं का, हे बघायला ते स्वतः आले होते. त्यांनी एकेचाळीसावं पान दोनदा वाचलं.

"वेळ तू टाकलीस?"

"मीच, साहेब."

"हा माणूस आठवतो?"

"तोंडं नाय आठवत, साहेब. दिवसाला तीनशे लोक. वहीत हाय म्हंजे होता."

पावती, पंचनामा ठाण्यात गेल्यावर करू, म्हणत साहेबांनी मला ताब्यात घेतलं. कोंडूभाऊ म्हणाले, "शेजारीच झेरॉक्सवाला हाय. या पानाची एक प्रत काढून ठेवू का?"

साहेब बोलायच्या आत यमाजीच बोलला. "कशाला, भाऊ? साहेबांनी सोताच्या हातानं घेतली ना. आता ती सरकारात. वर प्रत मागायची म्हंजे साहेबांवर इस्वास नाय असं व्हतं."

त्यांच्या वाडीत तसंच आहे. मोठ्या माणसानं एखादी वस्तू हाती घेतली की पुन्हा तिची चौकशी करायची नाही; तो त्याचा अपमान. दोरी लावलेल्या माणसानं दोरी धरणाऱ्याचा मान राखला. झेरॉक्स राहिली.

ठाण्यात आल्यावर साहेबांनी मला पुन्हा उघडलं नाही. तोवर आरोपी पकडल्याची बातमी छापून आली होती, फार्महाउसवाल्यांनी शाल दिली होती. एवढं झाल्यावर एका वहीसाठी मागे कोण फिरणार?

मित्रांनो, कायदा असा आहे: जे कागद खटल्यात वापरायचे, त्यांच्या प्रती पोलिसांनी आरोपीला द्यायच्याच. पण जे ताब्यात घेतले आणि वापरायचे नाहीत, त्यांचीही यादी द्यायची, म्हणजे आरोपीला ते मागता येतात. ठाण्याची रायटर स्नेहल, म्हणजे कागदपत्रं लिहिणारी पोलीस, हे जाणून होती. चार्जशीट बांधताना ती म्हणाली, "साहेब, म्हशाची वही त्या दुसऱ्या यादीत टाकू ना?"

"आपण वापरतोय का ती?"

"नाय. म्हणूनच तर त्या यादीत."

"लग्नाला जे आलेच नाहीत, त्या पाहुण्यांची यादी छापतात का गो?"

"ही आलीय, साहेब. फळीवर बसलीय."

साहेबांचं हसू गेलं. "निरंक लिही."

स्नेहलनं लिहिलं. निरंक म्हणजे काही नाही. अक्षर सुरेख होतं तिचं.

यमाजीला सरकारकडून वकील मिळाली, आरती नावाची, हुशार. पण यमाजीनं तिला वर्षभर वहीचं सांगितलंच नाही. "ती साहेबांकडं हाय, टायमाला काढतील," असं तो बायकोला, वेणूला सांगे. शेवटी वेणूनंच आरतीच्या कानावर घातलं. दोघी ठाण्यात आल्या.

"साहेब, म्हशाहून एखादी वही आणली होती का?"

"मॅडम, यादी दिलीय ना तुम्हाला? काय लिहिलंय तीत?"

"निरंक."

"मग?"

मी तिथून चार हातांवर होते. पंख्याच्या वाऱ्यानं पुठ्ठा हलला, पण तेवढं तर कुठलाही पुठ्ठा हलतो.

आरतीनं कोर्टात अर्ज दिला. सरकारी वकिलांनी ठाण्याला विचारलं, ठाण्यानं उत्तर पाठवलं, आणि सरकारी वकिलांनी ते तसंच पुढे ठेवलं: अशी कोणतीही वस्तू अभिलेखावर नाही. यात खोटं एक अक्षर नव्हतं. अभिलेखावर नव्हतेच मी, फळीवर होते.

वेणू म्हशाला जाऊन आली. मग ठाण्याच्या बाकावर बसून स्नेहलला सांगत होती, "कोंडूभाऊ म्हनं, मी लिवून नाय देत गो. वही नेली त्याची पावती माज्याकडं नाय. उद्या मलाच इचारतील, सरकारी वही हरवलीस कुठं? आणि बैलवाला म्हनं, मी संध्याकाळी पोचलो, सकाळचं मला काय म्हाईत?"

"पाणी देऊ का, मावशी?" स्नेहल म्हणाली. तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. दुसरं होतं, ते फळीवर.

तिसऱ्या वर्षी निकाल लागला. यमाजीला सात वर्षं. निकालाची प्रत ठाण्यात आली, तेव्हा स्नेहलनं एक ओळ मोठ्यानं वाचली: "आरोपी घटनेच्या वेळी अन्यत्र होता, याचा कोणताही पुरावा समोर आलेला नाही."

परवा फळ्या साफ करायला काढल्या. जुना मुद्देमाल नष्ट करायचा तर आधी त्याचीही यादी लागते. मी कुठल्याच यादीत नाही. मला जाळायचा हुकूमही निघत नाही. स्नेहलनं मला खाली काढलं, एकेचाळीसावं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं. तिची बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी हे ठाणं सोडायचं होतं.

निकालानंतरही वेणू वहीचं विचारायला ठाण्यात येई. दारातून तिनं विचारलं, "काय सापडलं का गो, बाय?"

"नाय, मावशी. जत्रेतली जुनी वही हाय. बैलांची."

तिनं मला परत ठेवलं, पाठ बाहेर करून.

मित्रांनो, वह्या जपा, कव्हरं घाला, असं मी सांगणार नाही. मला वाळवी लागलेली नाही, माझं एक पान फाटलेलं नाही. माझ्याइतकी जपलेली वही तुम्हाला सापडायची नाही. मागणं एवढंच आहे. भांडणात समोरच्याच्या बाजूची एखादी गोष्ट तुमच्या हाती आली, तर तो मागेल याची वाट पाहू नका. त्याला कदाचित तुमच्यावर विश्वास असेल. ती त्याच्या पुढ्यात ठेवा. मोठेपणी तुमच्यातलं कुणी फौजदार होईल, कुणी रायटर, कुणी वकील, तेव्हा हे आठवेल, अशी आशा मला फारशी नाही. तरी सांगून ठेवते.

वेणू अजून बाहेरच्या बाकावर आहे. साहेब म्हणाले, "बस जरा." ती बसली आहे.