येते रे

भाऊचं एक होतं. हंगामभर तो ताईच्या तालावर नाचायचा, पण क्रेनने बोट उचलून यार्डातल्या टेकूंवर ठेवली की मग तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. पावसाळ्यासाठी बोट बंद करायची ती त्याच्याच पद्धतीने! शिडं धुऊन झाली होती, टाक्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि आता बोटीतल्या खोलीच्या दारातच इंजिनाचं झाकण उघडून, आत डोकं खुपसून तो जुनं तेल उपसत होता.

"धुराचा डबा शेवटी," त्याने ताईला सकाळीच बजावलं होतं. झुरळं मारायचा डबा तो. पेटवायचा आणि कुलूप लावून सरळ घरी जायचं.

"झुरळं कसली मरतायत! तुझा स्वयंपाक खाऊन नाही मेली ती," ताई म्हणाली होती.

गाद्यांच्या खोळी गाडीत ठेवायला ती शिडीवरून उतरली. थोड्या वेळाने खालून हाक आली, "येते रे!"

"ये!" भाऊ इंजिनातूनच ओरडला. चला, निघाली एकदाची. सकाळपासून घरी जायचं टुमणं लावलंच होतं तिने. आता कसं शांतपणे आवरता येईल.

तेलाचं काम उरकून तो वर गेला. पुढच्या खोलीच्या छतातल्या झडपेवर फळी टाकली, ताडपत्री घट्ट आवळली. खाली येऊन डबा पेटवला. पुढच्या खोलीचं दार बंदच राहिलंय हे तेव्हा दिसलं, पण डबा फसफसायला लागला होता. मरू दे, फटीतून जाईल धूर. बाहेर येऊन त्याने कुलूप ठोकलं.

ठक. ठक ठक.

शेजारच्या बोटीवर ठोकाठोकी चालली असेल, म्हणून तो शिडी उतरला. तर तिथे कुणीच नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. शिडीच्या पायाशी त्याच्या चपला होत्या, आणि त्यांना लागून ताईच्या.

बोटीवर चपला घालून चढायचं नाही, हा नियम भाऊचाच.

वरचं ठोकणं थांबलं होतं.

"अरे देवा, ताई!" शिडी कशी चढला, ताडपत्री कशी फाडली, त्याला कळलं नाही. वाटेत इंजिन उघडं, म्हणून बिचारी वरूनच झडपेतून उतरली होती, आणि जरा पाठ टेकली होती. क्रेनवाला आरडाओरडा ऐकून धावत आला. दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं.

रुग्णवाहिकेत चढवताना तिने तोंडावरचा मास्क बाजूला सारला. ओठ निळे पडले होते.

"येते रे," ती पुटपुटली.

उभ्या जन्मात हजारदा त्याने तिच्या या निरोपाला "ये" म्हटलं होतं. आज नाही.

"येतेस म्हणजे काय? ताई, नीट सांग ना गं!" तो ओरडला, तोवर दार लागलं होतं.