एक पैसाही घेतला नाही

ठमाबाईचा पाय बरा होऊन ती चौलला घरी आली, तेव्हापासून तिची पडवी कधी रिकामी राहिली नाही. सुपारीच्या वाडीचं शिंपणं उरकलं की शेजारणी येत, आणि खुर्चीत पाय लांब करून बसलेली ठमाबाई त्यांना तीच हकिकत नव्यानं रंगवून सांगे.

"एक पैसा घेतला न्हाय गो! सरकारी योजना हाय. खुब्यात नवा सांधा बसवला, वर निघताना फुलं दिली. देवमाणसं हायत ती."

आत भाकरी थापणाऱ्या विनिताचा हात दर वेळी परातीतच थांबे. सुनेला खरं काय ते ठाऊक होतं.

विहिरीपाशी शेवाळावरून सासू घसरली, तेव्हा विनिता आणि तिचा नवरा जीवन तिला हमरस्त्यावरच्या मोठ्या खासगी इस्पितळात घेऊन गेले होते. योजनेच्या टेबलावर हितेश नावाचा गोडबोल्या तरुण बसला होता. "योजना आहेच, ताई. पण त्यातला सांधा हलका. चांगला हवा तर वरचा फरक रोख भरा. नाहीतर मंजुरीला वेळ लागतो. आजींचं वय बघा." पावती मागितली, तर "याची पावती नसते" म्हणाला. जीवननं पुढच्या हंगामाची सगळी सुपारी व्यापाऱ्याला आगाऊ विकली, तीही पडत्या भावानं. आईला कळलं असतं, तर ती मोडक्या पायानं खाटेवरून उतरली असती. म्हणून दोघांनी तिला सांगितलंच नाही.

घरी सोडायच्या दिवशी हितेशनं ठमाबाईच्या हातात गुच्छ दिला आणि मोबाइल समोर धरला. "आजी, सांगा बरं, पैसे घेतले का आम्ही?" ठमाबाईनं हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, मनापासून सांगितलं आणि भरभरून आशीर्वाद दिले. पुढे व्हावं आणि तो मोबाइल खाली करावा, असं विनिताला वाटलं. पण घरी सोडण्याचा कागद अजून हितेशच्याच हातात होता. ती गप्प राहिली. आपल्यापुरतं निभावलं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आपल्यापुरतं निभावलं! या समाधानावरच तर ही लूट पोसली जाते.

एका दुपारी शेजारच्या रावजीच्या छातीत कळ आली. त्याच्या बायकोनं, सखुबाईनं, आणि मुलानं, सुजितनं, त्याला कसंबसं रिक्षात बसवलं. "अलिबागला सिव्हिलला नेतो," सुजित म्हणाला. तेवढ्यात पडवीतून ठमाबाई ओरडली, "अरे, सिव्हिलला कशाला? मला नेलं तिथंच न्या! एक पैसा घेत न्हायत!"

विनिता पिठाच्या हातांनी दारात आली. "सुजित, अरे..."

रिक्षाच्या आवाजात ती हाक बुडाली. दुसरी हाक तिनं मारली नाही.

रिक्षा त्याच खासगी इस्पितळात गेली. तिथं रावजीला बाकावर बसवून ठेवलं. "मंजुरी येईपर्यंत अनामत भरावी लागेल," हितेश म्हणाला.

"पन ठमाकाकीला तर फुकट केलंत!"

"त्यांचं वेगळं होतं."

सुजित याला त्याला फोन करत राहिला. सखुबाई नवऱ्याची पाठ चोळत राहिली. शेवटी पैसे जमेनात तेव्हा सिव्हिलची वाट धरली. रावजी वाटेतच गेला.

प्रेत घरी आलं तेव्हा ठमाबाई सुन्न बसली होती. "असं कसं झालं गो? माझ्याकडनं तर काय घेतलं न्हाय."

विनितानं दार लोटलं आणि सगळं सांगितलं. सुपारीही सांगितली.

ठमाबाई म्हणाली, "आनि मी त्यांना आशीर्वाद दिला." त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या सकाळी तिनं सुनेला हाक मारली. "तक्रार लिव. नाव माझं घाल. रावजीभावोजींचंपन सगळं लिव."

तक्रार जिल्ह्याला पोचली, तसा हितेश दारात आला. त्यानं पाकीट पडवीच्या कठड्यावर ठेवलं. "तुमचे सगळे परत आहेत, ताई. वर थोडे आजींच्या औषधाला. तेवढी तक्रार मागे घ्या."

जीवननं पाकिटाकडे पाहिलं. "विनिता, घेऊ या का? सुपारी सोडवता येईल गं. रावजीकाका काय परत येनार हायत?"

सुपारी गेली की घरात काय उरतं, हे विनितालाही कळत होतं. तिनं आतून कागद आणि पेन आणलं आणि हितेशसमोर धरलं. "घेते ना. कशाचे घेतले होतेत, ते लिवून द्या."

"असं लिहून देता येत नाही."

"मग उचला ते."

हितेश निघून गेला. जीवन पाठ फिरवून वाडीत निघून गेला.

सुनावणीच्या सकाळी विनिता सखुबाईकडे गेली. रावजीचं तेरावं होऊन गेलं होतं. सखुबाई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काकी, मी हाक मारली होती, पन एकदाच मारली. मला सगळं ठाऊक होतं."

सखुबाई चुलीतल्या राखेकडे बघत राहिली. "मी तिथं येऊन काय हुनार हाय?"

"काय न्हाय, काकी. पन तिथं काय घडलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

सखुबाई उठली. दोरीवरचं धुतलेलं लुगडं ओढून ती आत गेली. अलिबागला जाताना ती विनिताशेजारी बसली नाही.

कचेरीत अधिकाऱ्यानं चष्म्यावरून तिघींकडे पाहिलं. ठमाबाई काठीवर रेलून उभी होती. "आधी कोण बोलणार?"

ठमाबाईनं तोंड उघडलं, पण सखुबाईनं तिला अडवलं. विनिताचा दंड धरून तिनं तिला टेबलापुढे उभं केलं.

"ही बोलंल, सायेब," ती म्हणाली. "त्या दिवशी गप्प राहिली ती ही."

विनितानं खाली घातलेली मान वर केली आणि बोलायला सुरुवात केली.