उजव्या बुटाची कबुली

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, उजव्या पायाचा. जुना म्हणालो खरा, पण उभ्या आयुष्यात मी चाललो किती? जेमतेम अडीच तास. एवढ्या चालण्यात कुणी मोडीत निघत नाही. मी निघालो, आणि निघता निघता एका पोरीच्या तोंडचा घास घेऊन गेलो. म्हणून ही गोष्ट मला मान वर करून सांगता येत नाही.

माझा जन्म आग्र्याचा. तिथल्या एका कारखान्यात जाड चामडं कापून, शिवून, खाली गोंदाने सोल चिकटवून मला आणि माझ्या डाव्या भावाला घडवलं. आम्ही डोंगरदऱ्यांत चालायचे बूट. आमच्या खोक्यावर बर्फाच्या शिखराचं चित्र होतं. लातूरच्या एका दुकानातून उदगीरच्या मल्लिनाथअप्पांनी आम्हाला घरी नेलं. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. तूर-सोयाबीनच्या पोत्यांत सगळा जन्म गेला, पण एकदा समुद्राच्या कडेकडेने पायी चालायचं असं त्यांच्या मनात फार दिवस होतं.

घरी येताच आम्ही खोक्यासकट कपाटावर गेलो. चांगली वस्तू चांगल्या प्रसंगालाच काढायची, ही त्या घराची रीत. नव्या सतरंज्या पाहुण्यांसाठी, नवी भांडी लग्नासाठी आणि नवे बूट समुद्रासाठी. दर दसऱ्याला खोकं खाली यायचं. अप्पा आम्हाला मऊ फडक्याने पुसायचे, आल्यागेल्याला दाखवायचे, अजून यात पायसुद्धा घातला नाही असं कौतुकाने सांगायचे आणि पुन्हा वर ठेवायचे. मी फुगून जात असे. दाराशी झिजणाऱ्या रोजच्या चपलांची मला कीव यायची. अशी सहा वर्षं गेली. तेवढ्या उन्हाळ्यांत बंद खोक्यात माझ्या सोलाचा गोंद वाळून भुसभुशीत होत होता. मला त्याचा पत्ता नव्हता, कारण बुटाचं दुखणं चालल्याशिवाय कळत नाही.

सातव्या वर्षी मोंढ्यातल्या आठ-दहा जणांनी अंदमानला जायचं ठरवलं. तिथल्या एका बेटावर किनाऱ्याने जाणारी अवघड पायवाट होती. अप्पांबरोबर त्यांची मुलगी दामिनीही निघाली. ती वनरक्षक भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षा पास झाली होती, धावण्याची चाचणी महिन्यावर आली होती, आणि वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. निघायच्या आधी ती अप्पांना म्हणाली, चार दिवस गावातल्या किल्ल्यापर्यंत हे बूट घालून तर बघा.

"नवं हायत गं," अप्पा म्हणाले. "उगं कशाला झिजवायचं?"

बेटावर पहिला तासभर मी नुसता हुंदडलो. झाडांची मुळं, चिखल, ओला पाचोळा, सगळं तुडवत गेलो. अप्पाही रंगात होते. साधे कापडी बूट घालून आलेल्या हणमंतरावांना ते वाटभर चिडवत होते, की बूट असावा तर असा. आणि मग पुढच्या बाजूने माझा सोल सुटला. फटीतून गार चिखल आत शिरला. अप्पांच्या बोटांनाही तो लागला.

थोड्याच वेळात जंगल संपलं आणि काळ्या खडकांचा पट्टा लागला. इथे वाटाड्याने सगळ्यांना थांबवलं. पाणी ओसरलंय तोवरच हे खडक ओलांडता येतात, अकराच्या आत पलीकडे पोचायचं, असं त्याने हिंदीत बजावलं. कुणाचा बूट सैल झाला असेल तर आत्ताच सांगा, माझ्या पिशवीत जादा सँडल आहेत, असंही तो म्हणाला.

एक शब्द पुरला असता, मित्रांनो. पण अप्पांनी मला हळूच डाव्या बुटाच्या मागे ओढलं आणि "समदं ठीक हाय" म्हणून मोकळे झाले. पाण्याचीही त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी जन्मभर पाहिलं ते तलावाचं पाणी. ते एकदा ओसरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही, उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरणीसुद्धा करतात. समुद्र दिवसातून दोनदा परततो, हे ऐकूनही त्यांच्या गळी उतरलं नव्हतं.

खडकांच्या मधोमध माझा सोल निखळला. खाली कालवांची धारदार कवचं चिकटलेली होती. दोन पावलांत अप्पांचा तळवा फाटला. पुढची माणसं बरीच लांब गेली होती. तेवढ्यात दामिनीने मागे वळून पाहिलं आणि ती उलटी धावत आली.

"पाणी चढायला लागलंय, अप्पा. माझ्या खांद्यावर भार टाका."

गुडघ्याइतकं पाणी बघता बघता कमरेला लागलं. तिने अप्पांना अर्धंअधिक उचलूनच पुढे काढलं. वाटाड्या परत धावला, त्याने अप्पांना धरलं. त्याच क्षणी शेवाळावरून दामिनीचा पाय निसटला आणि दोन खडकांच्या बेचक्यात अडकून पिळला गेला. दोघं जिवंत पलीकडे पोचले. पण दामिनीचा घोटा मोडला होता.

उदगीरला परतल्यावर अप्पा सगळ्यांना सांगू लागले, की कंपनीनं फसवलं. पुरावा म्हणून मी आडतीच्या फळीवर बसलो. लोक मला हातात घेऊन कंपनीला शिव्या घालायचे, अप्पा मान हलवायचे. माझा दोष मला मान्य होता, मी ऐन वेळी दगा दिलाच होता. पण माझ्या आड दुसरं काही लपवलं जात होतं, आणि ते मी लपवू देत होतो. पायात असताना जेवढी लाज वाटली नाही तेवढी त्या फळीवर वाटली.

धावण्याच्या चाचणीचा दिवस उजाडला. दामिनी प्लास्टरमधला पाय पाटावर ठेवून ओसरीत बसली होती. अप्पा सकाळीच मोंढ्यातून परत आले. त्यांनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि जमिनीवरच बसले.

"कंपनीचा गुन्हा न्हाई, दामिनी. खडकाच्या अलीकडंच मला कळलं हुतं. चारचौघांत लाज वाटली म्हणून पाय मागं घेतला."

तिने मला हातात घेतलं.

"मला दिसलं होतं, अप्पा."

"मग बोललीस का न्हाई?"

"हणमंतकाकांसमोर तुमची मान खाली गेली असती."

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच दुपारी त्यांनी मोंढ्यात जाऊन हणमंतरावांसमोर, भरल्या बाजारात, खरं काय ते सांगितलं. ऐकून कुणी हसलं नाही. भरती मात्र तोवर संपली होती.

मित्रांनो, वस्तू जपा, असं आमच्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात. मी कुठल्या तोंडाने सांगू? मला तर जरुरीपेक्षा जास्त जपलं. माझं मागणं निराळं आहे. आम्हाला वापरा, झिजवा, चिखलात न्या, बिघडलो तर वेळेवर दुरुस्त करा. आणि कधी आमचा सोल सुटलाच, तर पाय मागे घेऊ नका, तिथल्या तिथे सांगून टाका. तुमच्यावर जीव असलेलं माणूस शेजारीच उभं असतं. त्याला सगळं दिसत असतं, आणि तुमची लाज राखायला ते गप्प बसतं.