माझे नाव डिसमिस

मित्रांनो, मी एक जुना, हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आहे. पण पंपदुरुस्तीच्या आमच्या कारखान्यात या नावाने मला कुणी ओळखत नाही. इथे मला सगळे डिसमिस म्हणतात.

मी नवा होतो तेव्हा माझी लाकडी मूठ पिवळीधमक होती. वर्षानुवर्षे मी स्क्रू पिळले. मग बॅटरीवर चालणारे माझे चुणचुणीत भाऊबंद आले आणि मला वाटले, संपले आपले! पण आमच्या मिस्त्रींनी मला निराळे काम दिले. चालू पंपाला माझे टोक टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायची. आतले बेअरिंग कसे फिरते आहे ते माझ्यातून ऐकू येते. डॉक्टरांच्या नळीसारखेच म्हणा ना!

एके दिवशी कॉलेजची एक मुलगी काम शिकायला आली. महिनाभर पगारी काम, आणि मिस्त्रींनी कागदावर 'हो' लिहिले तर पुढे आणखी सहा महिने. पगार होता म्हणूनच तिला शिकवण्या सोडून येता आले होते. मिस्त्री तिला 'कॉलेज' म्हणत. पहिल्याच सकाळी ते ओरडले, "ए कॉलेज, डिसमिस!" बिचारी बॅग उचलून दाराकडे निघाली. सगळा कारखाना पोट धरून हसला. मला मात्र तिची दया आली.

पोर भारी चौकस. "काका, हे असंच का बसवायचं? उलटं बसवलं तर?" असे विचारून ती मिस्त्रींना भंडावून सोडी. बेअरिंगची चित्रे तिने पुस्तकात पाहिली होती, आवाज कधी ऐकला नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका दवाखान्याचा पंप परत जायचा होता. मिस्त्रींनी मला कानाशी धरले. "ठणठणीत आहे!"

"मी ऐकू?" तिने डोळे मिटून ऐकले. "काका, आत टिकटिक होतेय."

"तुझं घड्याळ असेल."

तिने घड्याळ काढून ठेवले आणि पुन्हा ऐकले. मिस्त्रींच्या खिशातला कागद अजून कोरा होता. माझी मूठ तिच्या घामाने ओली झाली. "अजून येतेय. उघडून बघू या का?"

पंप उघडला. बेअरिंगच्या कड्याला केसाएवढी चीर होती.

मिस्त्रींचे गुपित मला दोन वर्षांपासून ठाऊक होते. मी सांगत होतो, पण असले बारीक आवाज त्यांना आता ऐकू येत नव्हते. हाताला जाणवणाऱ्या थरथरीवर ते निभावून नेत होते. तेवढ्यावर ही चीर कळली नसती.

"कॉलेज," ते म्हणाले, "डिसमिस."

महिनाभरात तो शब्द तिच्या अंगवळणी पडला होता, तरी या वेळी तिचा चेहरा उतरला.

"अगं वेडे, हा डिसमिस! आता तुझ्याकडे ठेव. माझे कान गेलेत. तू ऐकायचं, तोंडाने आवाज काढून दाखवायचा, त्याचा अर्थ मी सांगतो." आणि त्यांनी कागदावर 'हो' लिहिले.

आता ती दिवसभर खर्रर्र, टिकटिक करत असते आणि मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत असतात. मला फार आनंद होतो.

मित्रांनो, माझी मूठ आता चिरली आहे. तिला एक पट्टी गुंडाळा, पण मला शोभेला भिंतीवर टांगू नका. मला हातात घ्या. ऐकताना गप्प राहा, ऐकल्यावर मात्र गप्प राहू नका.